रावसाहेबांचा अर्ज आणि साहेबाचा शेरा

आमच्या घरात कुणाचं प्रमोशन अडकलं की कुणीतरी म्हणतंच, "चालायचंच, आपल्यात रावसाहेबांपासून आहे ते." रावसाहेब म्हणजे माझे पणजोबा. मुंबई इलाख्याच्या जमान्यात बेळगाव जिल्ह्यात मामलेदार कचेरीत, म्हणजे आजच्या तहसीलदार कचेरीत, अव्वल कारकून म्हणजे मुख्य कारकून होते, त्यांचा मामलेदारीचा नंबर आलेला असताना साहेबानं दुसऱ्यालाच केलं, यांनी पार लाटसाहेबापर्यंत अर्ज केला, काही उपयोग झाला नाही, एवढीच गोष्ट. कारणही ठरलेलं, साहेबाच्या माणसानं पैसे मागितले आणि यांनी दिले नाहीत. मी कॉलेजच्या ऑफिसात हेड क्लार्क म्हणून रिटायर झाले, हाताशी वेळ आला, तेव्हा म्हटलं बघूया तरी तो अर्ज होता काय, गेला कुठून कुठे आणि कुणी काय शेरा मारला. कारण अर्ज कधी नुसता नाकारला जात नाही, कुठेतरी कुणीतरी दोन ओळी खरडलेल्या असतातच, एवढं मला नोकरीनं शिकवलंय.

आता मामलेदार झालेच नाहीत तर रावसाहेब कसे, असं कुणी विचारेल. मामलेदाराला तेव्हा लोक रावसाहेबच म्हणायचे, आणि आमचे पणजोबा अथणीला काही महिने ॲक्टिंग मामलेदार होते, कायमचा माणूस रजेवर गेला म्हणून. तो आला, हे परत अव्वल कारकून झाले, पण लोकांच्या तोंडात बसलेलं रावसाहेब काही गेलं नाही. मला तर वाटतं तेच जास्त टोचलं असणार त्यांना, रोज कुणीतरी रावसाहेब म्हणून हाक मारतंय आणि आपण खुर्चीच्या बाजूला उभे.

कागद निपाणीच्या काकांकडे होते. माळ्यावर पत्र्याची ट्रंक, ट्रंकेत लाल रुमालात बांधलेलं दप्तर. काका द्यायला तयार नव्हते, "कशाला उकरून काढालीस आता ते, कोण वाचणाराय?" असं म्हणत म्हणत शेवटी काकूनं ट्रंक खाली काढायला लावली. आत निम्मे कागद वाळवीनं खाल्लेले, उरलेल्यात जमिनीचे, लग्नाचे, तगाईचे (म्हणजे शेतकऱ्यांना मिळणाऱ्या सरकारी कर्जाचे), औषधाचे, आणि मधेच तीन-चार जाड गड्ड्या मोडीतल्या. एक छापील इंग्रजी पुस्तिकेसारखं, तेच ते मेमोरियल, म्हणजे लाटसाहेबाला केलेला अर्ज, आणि त्याला टाचलेला सरकारी उत्तराचा एकच कागद. इंग्रजी उत्तर मी तिथंच माळ्याखाली उभ्याउभ्या वाचलं. मजकूर एक ओळीचा, की अर्जदाराला कळवण्यात यावं, त्याच्या अर्जात हस्तक्षेप करण्याचं सरकारला कारण दिसत नाही. बस. त्या काळच्या सरकारी उत्तराचा हा ठरलेला साचा, हजारो जणांना गेलेला असणार.

मोडी मला येत नव्हती. बेळगावात एक म्हातारे गृहस्थ वाचतात असं कळलं, गेले, त्यांनी पहिलं पान वाचून दाखवलं आणि म्हणाले, बाई, मी वाचून देईन पण तुम्ही शिकाच, कारण यात खोडलेलंच जास्त आहे आणि खोडलेलं कुणी दुसऱ्यासाठी वाचत नाही. ते खरंच होतं. शिकायला वेळ गेला, त्याची कथा सांगत नाही, सगळ्यांची सारखीच असते, आधी वाटतं एकही अक्षर सुटत नाही, बोरू न उचलता लिहिलेलं, ओळ सुरू कुठे झाली नि शब्द संपला कुठे तेच कळत नाही, आणि मग एक दिवस "मेहेरबान" हा शब्द आपोआप दिसायला लागतो, कारण तो दर चार ओळींनी येतो.

तर तो मोडी मजकूर म्हणजे अर्जाचे कच्चे खर्डे. आणि छापील इंग्रजी म्हणजे कुणा वकिलाकडून करून घेतलेला पक्का अर्ज. दोन्ही शेजारी ठेवून वाचताना जी मजा आली ती काय सांगू. खर्ड्यात पणजोबा चिडलेत. कुणाकुणाची नावं घेतलीत, खोडलीत, परत घेतलीत. अमक्याची परीक्षा माझ्यानंतर पास, तमक्याला मी जमाबंदीचे तक्ते शिकवले, असं सगळं. इंग्रजीत आल्यावर तेच सगळं गुळगुळीत झालंय, सुरुवात थेट राणीच्या १८५८ च्या जाहीरनाम्यापासून, की जात-धर्म न बघता लायकीप्रमाणे नोकरीत घेऊ असं राणीसरकारनं वचन दिलंय. त्या काळातला प्रत्येक अर्ज बहुतेक तिथूनच सुरू व्हायचा. अव्वल कारकुनाच्या बढतीचा आणि राणीच्या जाहीरनाम्याचा काय संबंध, पण वकिलाला फी द्यायची तर एवढं तर पाहिजेच की.

मग नोकरीचा पाढा. उमेदवार म्हणून लागले, म्हणजे बिनपगारी, कचेरीत बसून काम शिकायचं आणि जागा रिकामी व्हायची वाट बघायची. मग कारकून. १८७६-७७ च्या दुष्काळात मजुरांच्या कामावर हजेऱ्या आणि पैसे वाटपाचा हिशेब. खात्याची लोअर आणि हायर दोन्ही परीक्षा पास. मग अव्वल कारकून. प्लेग आला तेव्हा गाव रिकामं करून बाहेर झोपड्या टाकल्या, त्याचा बंदोबस्त, घरचे दोघं त्यातच गेले, हे अर्जात एका वाक्यात आहे आणि खर्ड्यात त्या जागी नुसती मोकळी ओळ सोडलीय. तगाईचा हिशेब कधी एक पै चुकला नाही. एवढं सगळं करून पगार मामलेदाराच्या निम्म्याहून कमी. १८८४ च्या बेळगाव गॅझेटियरच्या सुमाराला मामलेदाराचा पगार महिना १५० ते २५० रुपये होता, आणि त्याच्या हाताखाली पूर्ण तालुका, वर मॅजिस्ट्रेटचे अधिकार. म्हणजे नुसता पगाराचा प्रश्न नव्हता, माणूस अव्वल कारकुनाचा मामलेदार झाला की दुसऱ्याच जगात जायचा.

आणि आता मुख्य तक्रार. ज्याला मामलेदार केलं तो रत्नागिरीकडचा तरुण पदवीधर. इथं थोडं सांगायला पाहिजे, कारण आज आपल्याला विचित्र वाटतं, पण इलाख्याच्या सदर्न डिव्हिजनमध्ये बेळगाव, धारवाड, विजापूर, कारवार यांच्याबरोबर रत्नागिरी आणि कुलाबाही (आजचा रायगड जिल्हा) होते, आणि कमिशनर बसायचा बेळगावात. म्हणजे कानडी मुलूख आणि कोकण एकाच साहेबाच्या हाताखाली. त्यामुळे कोकणातला माणूस घाटावर अथणी-गोकाकला येऊन बसायचा. तर आमचे पणजोबा, घरात मराठी बोलणारे, मोडीत हिशेब लिहिणारे, आपल्या अर्जात सगळ्यात जोरानं काय मांडतात? की या माणसाला कानडी येत नाही! रयत कानडी बोलते, पाटील कानडी बोलतो, कुळकर्ण्याचे कागद कानडीत, आणि मामलेदार शिपायाला विचारणार ते काय म्हणालंय. मला कानडी लिहिता, वाचता, बोलता येते, म्हणून या तालुक्यावर माझा हक्क. दोन पानं नुसती त्याच्यावर आहेत, आणि पुरावा म्हणून शेवटी स्वतःच्या हातानं कानडीत लिहिलेला एक परिच्छेद, काय सुरेख अक्षर.

हे मी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं आणि जी शांतता पसरली. आमच्या घरातले दोघे जण सीमालढ्यात आत गेलेले आहेत. १ नोव्हेंबर १९५६ ला जिल्हा म्हैसूर राज्यात गेला तेव्हापासून आमच्याकडे त्या दिवशी काळा दिवस पाळतात, अजून पाळतात. शेवटी कोल्हापूरच्या दादानं लिहिलं, "ते कानडीचं पान तेवढं वगळ, बाकी छान आहे." मी वगळणार नाही म्हटलं. त्यांनी लिहिलं ते त्यांनी लिहिलं, त्यांना कुठं माहीत होतं पुढं काय होणाराय. आणि खरं सांगायचं तर मला पटलं त्यांचं. मामलेदाराला रयतेची भाषा यायला पाहिजे, ही मागणी तर आपण आज इथं मराठी कागदांसाठी करतोच की, मग त्यांनी उलट बाजूनं केली तर काय बिघडलं.

असो. अर्ज कळला, आता शेरा बघायचा होता. आधी इथल्याच एका जुन्या रेकॉर्ड रूमला गेले, कुठली ते सांगत नाही, तिथल्या माणसानं आधी कानडीत विचारलं काय पाहिजे, मी कानडीतच सांगितलं, तर तो खूश, चहा पाजला, आणि मग म्हणाला एवढं जुनं काही नाही आमच्याकडं, उंदरांनी खाल्लं, उरलं ते मुंबईला असेल. पत्रावर पत्रं दिली, एकाचंही लेखी उत्तर नाही. मला राग आला पण हसूही आलं, पणजोबांना निदान एक ओळ तरी मिळाली होती.

मग मुंबई. एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत, काळा घोडा, जहांगीरच्या समोर, तिथं महाराष्ट्राचं पुराभिलेखागार आहे, इंग्रजांनी १८२१ मध्ये रेकॉर्ड ऑफिस म्हणून सुरू केलेलं. इलाखा मोडला, राज्यं झाली, जिल्हा इकडं आला, पण मुंबई सरकारच्या सचिवालयाचे कागद तिथंच. म्हणजे बेळगावच्या माणसाला आपल्या पणजोबाचा शेरा बघायला दुसऱ्या राज्यात जावं लागतं. रात्रीची बस, भाचीकडे मुक्काम, ओळखपत्र, अर्ज, ते सगळं रीतसर झालं. कामाची गोष्ट एवढीच की कागद खात्याप्रमाणे आणि वर्षाप्रमाणे लावलेत, त्यामुळे आधी आपला कागद कुठल्या खात्याचा हे कळलं पाहिजे. मी मूर्खासारखी नावानं शोधत बसले नाही, ऑफिसात होते ना इतकी वर्षं, उत्तराच्या कागदावर वरच्या कोपऱ्यात जावक नंबर आणि खातं होतं, रेव्हेन्यू डिपार्टमेंट, ते धरून सूची बघितली. तुमच्याकडे घरात असा एखादा कागद असला तर मजकुरापेक्षा आधी तो कोपरा वाचा, कागद फाटला तरी तो कोपरा जपा.

फाइल आली तेव्हा कडा भुग्यासारख्या गळत होत्या. पेन्सिलीनं उतरवून घेतलं सगळं, हात दुखून आला. आणि तिथं मला पहिल्यांदा त्या अर्जाचा प्रवास दिसला. अव्वल कारकुनानं लिहिला, मामलेदारामार्फत कलेक्टरकडे, कलेक्टरमार्फत कमिशनरकडे, कमिशनरमार्फत मुंबईला सेक्रेटरीकडे, मग कौन्सिलच्या मेंबरांच्या सह्या, आणि त्याच वाटेनं खाली. थ्रू प्रॉपर चॅनेल. आता बघा, मामलेदार नेमणारा कमिशनर, तक्रार कमिशनरच्या हुकमाविरुद्ध, आणि अर्ज जाणार कमिशनरच्याच हातून, त्याच्या शेऱ्यासकट. तो शेरा अर्जदाराला कधी दाखवायचे नाहीत. वरच्या साहेबाला खालच्या माणसाविषयी जे काही कळायचं ते त्या शेऱ्यातून.

तर शेरा. शब्दशः देत नाही, सारांश सांगते. कलेक्टरानं लिहिलंय की अर्जदाराची सगळी हकिकत खरी आहे. प्रामाणिक आहे, हिशेबात चोख, कानडी आणि मराठी दोन्ही उत्तम, प्लेगात चांगलं काम केलं. इंग्रजी रिपोर्ट लिहिण्यात कच्चा. वय झालंय, पंचावन्नला पेन्शन, म्हणजे थोडीच वर्षं राहिली. आणि मग, इतका चांगला अव्वल कारकून जिल्ह्यात दुसरा नाही, नवीन मामलेदार तरुण आणि कानडी न येणारा असल्यामुळे तर त्याच्या हाताखाली हाच माणूस असणं फार गरजेचं आहे. कमिशनरनं खाली फक्त आपण सहमत असल्याचं लिहिलंय आणि पदवीधरांना संधी द्यायचं सरकारचं धोरण असल्याची आठवण करून दिलीय. मुंबईत कुणी काही जास्त लिहिलंच नाही, सह्या आणि तारखा.

मी ते परत परत वाचलं. म्हणजे यांनी ज्या कानडीच्या जोरावर मामलेदारी मागितली तीच कानडी यांना अव्वल कारकुनीत ठेवण्याचं कारण झाली. अर्ज जितका चांगला लिहिला तितकं ते कारण पक्कं झालं! वाईट माणूस म्हणून डावललं असतं तर एक वेळ समजलं असतं. आणि बाई म्हणून सांगते, ऑफिसात मला किती वेळा ऐकवलं गेलं, "मॅडम, तुम्ही गेलात तर हा सेक्शन कोण बघणार," मी ते कौतुक समजून घरी सांगायची.

पैशाचं मात्र फाइलीत काहीच नाही. अर्जात नाही, खर्ड्यातसुद्धा नाही, जिथं सगळ्यांना शिव्या घातल्यात तिथंही नाही. मला वाटतं ती गोष्ट नंतर येऊन चिकटली. १८८८ मध्ये क्रॉफर्ड प्रकरण झालं होतं, सेंट्रल डिव्हिजनचा कमिशनर आर्थर क्रॉफर्ड, त्याच्या नावानं बढत्या-बदल्यांसाठी मामलेदारांकडून पैसे घेतले जातात म्हणून चौकशी बसली. पैसे दिले असं कबूल करणाऱ्या मामलेदारांना सरकारनं अभय दिलं, मग त्यावरून इतकी ओरड झाली की त्यासाठी १८८९ मध्ये वेगळा कायदा करावा लागला, तरी काहींच्या नोकऱ्या गेल्याच, आणि टिळकांनी त्या मामलेदारांची बाजू घेऊन सभा-बिभा केल्या. लाचेचा आरोप काही क्रॉफर्डवर शाबीत धरला नाही, पण हाताखालच्यांकडून कर्ज काढल्याबद्दल नोकरीतून काढला. घरोघरी ती चर्चा. त्यानंतर ज्याची ज्याची बढती अडली त्यानं हेच म्हटलं असणार, आणि घरच्यांनाही तेच बरं वाटलं असणार, कारण लाच दिली नाही म्हणून राहिलो यात मान आहे, कामाचा माणूस म्हणून राहिलो यात काय आहे.

याच बेळगावात १८९२ च्या ऑक्टोबरात स्वामी विवेकानंद येऊन राहिले होते, आधी रिसालदार गल्लीत भाट्यांकडे आणि मग फॉरेस्ट खात्यातल्या हरिपद मित्रांच्या बंगल्यावर. मित्रबाबू गोऱ्या साहेबांवर सारखे कुरकुर करायचे, साहेब हे बोलला, ते बोलला. त्यांनीच आठवणींत सांगितलंय की स्वामीजी म्हणाले, पैशासाठी तूच नोकरी धरलीस, पगार वेळेवर मिळतोय, कुणी बांधून ठेवलंय का तुला, नको तर सोड. पटतं, पण स्वामीजींना काय, आमच्या पणजोबांना सहा मुलं होती.

आता शेवटची गड्डी. उत्तर आल्यावर पणजोबा गप्प बसले नव्हते. विलायतेला, स्टेट सेक्रेटरीकडे, म्हणजे हिंदुस्थानचा कारभार बघणाऱ्या तिथल्या मंत्र्याकडे अर्ज करायचा मोडी खर्डा आहे, आधीच्यापेक्षा लांब आणि जास्त कडक, त्यात कमिशनर स्वतःच्याच हुकमावर स्वतःच कसा शेरा मारतो हाही मुद्दा आहे. म्हणजे शेरा बघितला नव्हता तरी काय झालं असणार ते त्यांनी बरोबर ओळखलं होतं, अव्वल कारकून ना शेवटी, दुसऱ्यांच्या अर्जांवर मामलेदारासाठी शेरे यांनीच तर लिहिले असतील. पण याचं इंग्रजी कधी झालं नाही. छापील प्रत नाही, पोचपावती नाही, मुंबईच्या फाइलीत पुढं काही नाही.

का पाठवला नाही हे मला त्याच गड्डीतल्या दुसऱ्या एका कागदावरून कळलं, म्हणजे मी तसं लावलंय. माझ्या आजोबांचा अर्ज. मॅट्रिक झालेला, अक्षर चांगलं, कानडी-मराठी येते, कचेरीत उमेदवार म्हणून घ्यावं अशी विनंती, खाली वडिलांची सही आणि पत्ता कलेक्टरसाहेब, बेळगाव. विलायतेच्या खर्ड्याच्या शेवटच्या पानाची पाठ कोरी होती, त्याच पाठीवर आजोबांच्या अर्जाचा कच्चा मजकूर काढलाय. एकाच बापानं एका बाजूला साहेबाची तक्रार लिहिलीय आणि कागद उलटा करून त्याच्याच हाताखालच्या कलेक्टराकडे मुलाला चिकटवायची विनंती. दोन्ही अर्ज एकदम जाऊ शकत नव्हते, त्यांनी एक निवडला. आजोबा लागले, पुढं कारकून झाले, आणि आमच्या घरातल्या चार पिढ्या त्या नोकरीवर शिकल्या, मी धरून.

यंदा गणपतीला सगळे निपाणीला जमलो तेव्हा मी सगळं टाइप करून, झेरॉक्स काढून, पिन मारून एकेक प्रत वाटली. कानडीचं पान ठेवलंय, दादा काही बोलला नाही, नुसतं उलटून बघितलं. काकांनी मात्र चष्मा लावून पूर्ण वाचलं, जेवण थांबवून, आणि मग विचारलं, "म्हणजे पैसे कुणी मागितलेच नाहीत?"

म्हटलं, फाइलीत तरी नाही.

"फाइलीत कोण लिहितंय ते!"

यावर मला उत्तर सुचलं नाही. त्यांचं चूकही नाही म्हणा. म्हणून आता मी त्या रत्नागिरीच्या पदवीधराची फाइल शोधालेय, त्याची शिफारस कुणी केली होती ते बघायचंय, आणि त्यासाठी दिवाळीनंतर परत मुंबई.